सोळा रिकाम्या जागा

नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यात, पैनगंगेपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. आमचं ग्रंथालय 'क' वर्गातलं. अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं. त्यात वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची मासिकं आणि वर्षाकाठी थोडी नवी पुस्तकं एवढं भागतं. संविधान दिनाला दरवर्षी उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं, छायाचित्र निघतं आणि ते वार्षिक अहवालाला जोडलं जातं. संविधान स्वीकारल्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या २६ नोव्हेंबरला मी कार्यकारी मंडळाकडे वेगळी परवानगी मागितली. संध्याकाळी घटना समितीवरचा एक माहितीपट दाखवायचा आणि दिवे लागल्यावर त्यावर बोलायचं.

माहितीपटाला कुणाची हरकत नव्हती. बोलायला होती. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं असं की पाहुणा बोलावा, त्याचं भाषण ठेवा, आभार माना आणि मोकळे व्हा. गावाला बोलायला लावलं की काय निघेल सांगता येत नाही. मी म्हटलं, काय निघेल ते आपल्याला माहीत नाही म्हणूनच लावायचं. पडद्यावर दिल्ली बघून लोक सतरंज्या झटकून घरी जाणार असतील तर तो माहितीपट त्यांना मोबाइलवरही बघता येतो, त्यासाठी ग्रंथालय कशाला हवं? शेवटी मंडळानं होकार दिला, पण चर्चा मी चालवायची आणि जबाबदारीही माझी, या अटीवर.

जिल्हा परिषद शाळेनं प्रोजेक्टर दिला. पडदा म्हणून पांढरी चादर ताणली. नोव्हेंबरअखेर म्हणजे आमच्याकडे कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची गडबड, त्यामुळे माणसं अंधार पडल्यावरच येणार हे धरून होते. तरी वाचनकक्ष भरला, व्हरांडा भरला आणि बायका पायऱ्यांवर बसल्या. बौद्ध वस्तीतून बरीच मंडळी आली, मशिदीमागच्या गल्लीतूनही आली. दोन्हीकडे मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. ग्रंथालयाची नोटीस फळ्यावर लावली की गाव आलं असं होत नाही, हे या कामात पहिल्यांदा शिकायला मिळतं.

माहितीपट जुन्या वृत्तचित्रांतून जोडलेला, पाऊण तासाचा. ९ डिसेंबर १९४६ ची पहिली बैठक, तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा, नंतर राजेंद्रप्रसाद. नेहरूंनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव. फाळणी, रेल्वेच्या टपांवर बसलेली माणसं. १४ ऑगस्टची मध्यरात्र. मसुदा समिती आणि बाबासाहेब. फाळणीनंतर उरलेले २९९ सदस्य, दोन वर्षं अकरा महिने चाललेलं काम. बाबासाहेब पडद्यावर आले तेव्हा मागून 'जय भीम' आलं आणि पुढच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला ते फार बरं वाटलं. निर्जीव चित्र बघत बसणाऱ्या सभेत आणि त्या टाळ्यांत फरक होता.

हैदराबादला या सगळ्यात मिनिटभर जागा मिळाली होती. लष्कराच्या गाड्या, मग बेगमपेठ विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडणारा निजाम, आणि निवेदकाचं एक वाक्य: हाही प्रश्न सुटला. तेवढ्यावर माहितीपट पुढे गेला, २४ जानेवारी १९५० च्या सह्या आणि दोन दिवसांनी आयर्विन स्टेडियमवरचं संचलन दाखवून संपला.

दिवे लागले. मी ठरवलेला पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, या लोकांत आपल्याकडचं कोण होतं?"

मी विचारलं, आपल्याकडचं म्हणजे महाराष्ट्राचं का? लोक नावं सांगू लागले, बाबासाहेब, बाळासाहेब खेर, काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव, केशवराव जेधे. मुलगी म्हणाली, "नाही, आपल्याकडचं. नांदेडचं, परभणीचं. मराठवाड्याचं."

ग्रंथालयात संदर्भाचा प्रश्न आला की अंदाजानं उत्तर द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. उत्तर मला ठाऊक होतं, तरी मी मोबाइलवर सदस्यांची यादी उघडली, प्रोजेक्टरला जोडली आणि चादरीवर लावली. प्रांतवार नावं खाली सरकत गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांचं नाव आलं. संस्थानांच्या यादीत म्हैसूर होतं, त्रावणकोर होतं, बडोदा होतं, कोल्हापूर होतं. हैदराबाद नव्हतं. मी वर गेले, पुन्हा खाली आले. सगळ्यांच्या डोळ्यांनी ते बघावं म्हणून मुद्दाम सावकाश.

मग मी समजावून सांगितलं. घटना समितीच्या १९४६ च्या योजनेत साधारण दहा लाख माणसांमागे एक प्रतिनिधी धरला होता. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेत एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात, म्हणजे सोळा जागा. देशातल्या सगळ्या संस्थानांत सर्वांत जास्त. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं, त्यानं एकही माणूस पाठवला नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यानं भारताशी वर्षभराचा 'जैसे थे' करार केला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन म्हणजे भारतीय लष्कराची कारवाई झाली, संस्थान भारतात आलं, पण कारभार मेजर जनरल चौधरींच्या लष्करी प्रशासनाकडे गेला. तेव्हाही कुणी निवडून गेलं नाही. दिल्लीत कलमामागून कलम मंजूर होत होतं आणि मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतलं, तेलंगणातलं, गुलबर्गा-बीदर-रायचूरचं कुणीही तिथे बसलेलं नव्हतं. सरोजिनी नायडू हैदराबाद शहरात वाढलेल्या, पण त्या बिहारमधून निवडून गेल्या होत्या.

"मग आपण संविधान मान्य केलं कसं?" त्याच मुलीनं विचारलं.

नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामानं फर्मान काढलं, मी म्हटलं. भारताचं संविधान हैदराबादला लागू राहील, असं.

सभा एकदम बोलू लागली. मला आवरावं लागलं नाही, आवरायची इच्छाही नव्हती. चाळिशीतली माणसं, जी दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला उभी राहतात, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मराठवाड्याच्या मुलांना शाळेत मुक्तिसंग्राम वेगळ्या पानावर आणि संविधान वेगळ्या पानावर शिकवतात. दोन्ही एकाच काळात, एकाच माणसांच्या आयुष्यात घडलं हे कुणी जोडून सांगत नाही. हे मला फार दिवस खुपत आलंय आणि त्या रात्री ते पोरांनी स्वतः जोडलं.

इथे माझं थोडं सांगते. माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, पण १९०२ च्या करारानं वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते इंग्रजांना कायमचं लावून दिलेलं. एवढ्यानं नदीच्या दोन काठांचं नशीब वेगळं झालं. माझ्या आजोबांना १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस आठवायचा, शाळेत झेंडा, मुठीत साखरफुटाणे. माझ्या सासरी त्या दिवशी तिरंगा लावणं गुन्हा होता. मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थांना निजामाच्या पोलिसांनी त्याच दिवशी हैदराबादेत पकडलं. नदी उन्हाळ्यात गुडघाभर. पलीकडच्यांचे प्रतिनिधी दिल्लीत हक्कांवर वाद घालत होते आणि अलीकडे गश्ती निशाण त्रेपन्न या निजामी हुकमाच्या धाकानं विनापरवाना सभा घेता येत नव्हती.

हे मी बोलले आणि गावातल्या सर्वांत वयस्क काकांनी काठी टेकवली. त्यांना सगळे काकाच म्हणतात. १९४८ साली ते दहा-अकरा वर्षांचे असतील.

"पोरी, नदी उतरायला करोडगिरी लागायची," ते म्हणाले. "पलीकडून मीठ आणा, कापड आणा, नाक्यावर शिपाई गठुडं सोडायचा. आमच्या थोरल्या भावानं अन् त्याच्या जोडीदारांनी ते नाकं जाळलं. शिंदीची झाडं तोडली. मग तो उमरखेडला कॅम्पावर गेला. मी लहान, माझ्यावर कुणाचं ध्यान नसायचं. म्हशी पाण्यावर नेतो असं दाखवून मी चिठ्ठ्या न्यायचो."

करोडगिरी म्हणजे निजामाची जकात, हे पोरांना सांगावं लागलं. सीमेवरची नाकी जाळणं, सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडं तोडणं, लेव्हीचं म्हणजे सक्तीच्या सरकारी वसुलीचं धान्य द्यायला नकार देणं हा सगळा लढ्याचाच भाग होता. स्टेट काँग्रेसच्या, म्हणजे संस्थानातल्या काँग्रेसच्या, पुढाऱ्यांची धरपकड चालू होती, म्हणून कार्यकर्त्यांचे कॅम्प सीमेबाहेर, भारताच्या हद्दीत उभे राहिले होते. उमरखेड त्यातलंच.

काका पुढे बोलत राहिले. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र टोळी, आले तो दिवस. गाव ज्वारीच्या रानात पळालं, घरं पेटली, कणगीतलं धान्य रस्त्यावर सांडलं. त्यांचा चुलता म्हातारा, पळू शकला नाही. त्याला वेशीत गोळी घातली. काकांनी चुलत्याचं नाव घेतलं, ते तीनदा घेतलं, आणि म्हणाले, "हे नाव कुठल्या दगडावर नाही. तो सत्याग्रही नव्हता ना. तो नुसता म्हातारा होता."

मी ते नाव वहीत लिहून घेतलं. चर्चेचे मुद्दे टिपायला आणलेली ती साधी शंभर पानी वही होती.

पायऱ्यांवर बायकांत एक खाला बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, नातसुनेच्या आधारानं आलेल्या. काकांचं बोलणं संपलं तसा त्यांचा हात वर गेला. "मैं बोलूं क्या, बेटी?"

मी ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे नेला. त्या अर्धं दखनीत, अर्धं मराठीत बोलल्या. ॲक्शन झाल्यावर पलटण मोठ्या रस्त्यानं नांदेडकडे निघून गेली. गावात पलटण आलीच नाही. रझाकार तर आधीच पळालेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाहेरून माणसं आली आणि गावातलीही काही त्यांच्यात मिसळली. त्यांचे वडील शिंपी. पाटलाच्या वाड्यावर कपडे शिवायचे, रझाकारांना त्यांनी घरात पाणीसुद्धा दिलं नव्हतं. वडिलांना आणि दोन मामांना घरातून नेलं. बायकामुलांना पाटलिणीनं कडब्याच्या गंजीमागे तीन दिवस झाकून ठेवलं, भाकरी ती स्वतः आणून द्यायची. खालांनी पाटलिणीचं नाव सांगितलं. वडिलांना कोणी नेलं ते त्यांना ठाऊक होतं, त्या माणसांची नातवंडं त्या कक्षात बसलेली होती, आणि त्यांनी ती नावं घेतली नाहीत. नव्हे, तसं स्पष्टच म्हणाल्या: "वो नाम मैं नक्को बोलती. अब्बा का नाम लिख ले."

मागून एक तरुण उठला. आवाज चढलेला. आधी रझाकारांनी काय केलं ते सांगा, म्हणाला. त्याच्या बाजूचे दोघं-तिघंही उठले. मंडळातले ज्येष्ठ सदस्य माझ्याकडे बघू लागले, आता आवरतं घ्या म्हणून.

मी त्या तरुणाला म्हटलं, "दादा, आधीचं काका सांगून गेले. तेव्हा खाला मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होत्या, मी बघत होते. आता आपली पाळी आहे." तो लगेच बसला नाही. बसवलं ते काकांनी. "बस रे," ते म्हणाले, "शिंप्याला नेलं ते खरंय. मी बघितलंय. तो माझी आंगडी शिवायचा."

यापुढे मी जे बोलले ते ग्रंथपाल म्हणून माझं कर्तव्यच होतं, कारण हे ऐकीव नाही, नोंदलेलं आहे. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसाचाराच्या बातम्या दिल्लीला पोचल्या तेव्हा केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. ते १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत संस्थानात गावोगाव फिरले. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी नोंदले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. त्याच अहवालात अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबं वाचवल्याचंही लिहिलेलं आहे. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही.

"त्यांच्यातलं कुणी निजामाच्या विरोधात उभं राहिलं का पण?" दुसऱ्या एका मुलानं विचारलं. हा प्रश्न मात्र खरोखर जाणून घेण्यासाठी होता, त्याच्या तोंडावरून कळत होतं. उत्तर मला द्यावं लागलं नाही. उर्दू शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले आणि त्यांनी शोएबुल्ला खानांची गोष्ट सांगितली. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थानानं भारतात सामील व्हावं, रझाकारांना आवरावं असं तो रोज लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये, ॲक्शनच्या जेमतेम तीन आठवडे आधी, रात्री कचेरीतून घरी जाताना त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिता हात तोडला. मुख्याध्यापक म्हणाले, "आणि रझाकारांचा पुढारी कासिम रझवी कुठला माहीत आहे? आपल्या लातूरचा वकील. तोही इथलाच. म्हणून म्हणतो, माणसामाणसानं मोजा."

ही चर्चा इथेच संपली असती तरी माझं काम झालं होतं. पण मला ज्याची सर्वांत जास्त आठवण राहिली ते यानंतर आलं.

एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले बौद्ध वस्तीतले एक गृहस्थ इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला नाही. आवाज तसाच खणखणीत. "तुम्ही सगळे म्हणता सोळा जागा रिकाम्या होत्या, आपलं कुणी नव्हतं. आमचं होतं. बाबासाहेब होते. ते आधी बंगालातून गेले, फाळणीनंतर मुंबईतून गेले. त्यांचा मतदारसंघ कुठलाही असू द्या. माझा आजा रझाकाराच्या राज्यातही वेठ करत होता अन् पाटलाच्या राज्यातही. त्याच्या वतीनं तिथं बोलणारा माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता. अस्पृश्यता मिटवणारं सतरावं कलम म्हणजे आमच्या आज्याची जागा. ती रिकामी नव्हती."

कुणीतरी, बहुधा वादासाठीच, म्हणालं की इथले काही दलित पुढारी निजामाच्या बाजूला होते. गृहस्थ म्हणाले, होते, आणि बाबासाहेबांनी १९४७ च्या नोव्हेंबरातच पत्रक काढून सांगितलं होतं की निजामाची बाजू घेऊ नका. मग त्यांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचं सांगितलं. १९५० साली, संविधान लागू झालं त्याच वर्षी, बाबासाहेबांनी ते मराठवाड्यात काढलं. "माझा चुलता तिथं शिकला. आमच्या घरात देश तिथून सुरू होतो."

मी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकले, मग वाचत राहिले, संविधानावर कितीतरी भाषणं ऐकली. राष्ट्राची स्थापना प्रत्येक घरात वेगवेगळ्या साली झाली, हे इतकं उघडं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या काठाला १९४७, काकांना १९४८, वाहकदादांना १९५०.

आणि तलाठीआप्पांना त्याहूनही पुढे. आप्पा निवृत्त तलाठी, कागदाचा माणूस. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, पण ती पोरांना सगळ्यात जास्त कळली. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५० साली हैदराबादचा कुळकायदा आला. त्यांचे वडील एका देशमुखाच्या रानात कुळ होते. संरक्षित कुळ म्हणून त्यांचं नाव कागदावर चढलं. ते नाव प्रत्यक्षात सातबारावर यायला पुढे खूप वर्षं गेली, कोर्ट झालं. "दिल्लीत सह्या झाल्या," आप्पा म्हणाले, "पण आमच्या बांधावर त्यांना यायला वेळ लागला. अन् निजाम कुठं गेला होता? तो राजप्रमुख झाला. ज्याच्या शिपायांनी आपल्या माणसांना मारलं, त्याचाच फोटो प्रजासत्ताकाच्या दिवशी कचेरीत." हे खरं आहे. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडेपर्यंत निजाम मीर उस्मान अली खान घटनात्मक राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा प्रमुख, होता. स्वामीजींच्या सहकाऱ्यांना हे किती बोचलं असेल याची कल्पना करता येते. काकांना तर ते अजून बोचतं.

मला एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाऊ द्यायची नव्हती. नववीच्या त्या मुलीचा प्रश्न तसाच लोंबकळत होता: आपण मान्य कधी केलं? म्हणून मी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर आले. १९५१-५२. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागा. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला एक मत, कुळाला एक आणि देशमुखाला एक. प्रत्येक उमेदवाराची चिन्हासह वेगळी पेटी, मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. ज्या प्रदेशात साध्या सभेला परवानगी लागत होती तिथे माणसं रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, फर्मानावर सही निजामाची, पण या रांगेत उभं राहणं ही तुमच्या पणजोबा-पणजीची सही. खालांनी मध्येच सांगितलं की त्यांच्या आईनं तेव्हा मत दिलं होतं. बाप गेल्याला तीन-साडेतीन वर्षं झालेली. बाई बुरखा घेऊन पाटलिणीबरोबर शाळेत गेली आणि मत देऊन आली. कुणाला दिलं ते मुलींनाही सांगितलं नाही.

साडेदहा वाजले तेव्हा लोक उठायला लागले. चहा थंड झाला होता.

पुढच्या आठवड्यात कार्यकारी मंडळाची बैठक झाली आणि त्यात माझ्या वहीवरून बराच वेळ गेला. त्या रात्री मी नावं लिहिली होती. काकांच्या चुलत्याचं, खालांच्या वडिलांचं, दोन मामांचं. कार्यक्रमानंतर घरी येऊन लोकांनी सांगितलेली आणखी काही. ही नोंद ग्रंथालयानं रीतसर ठेवावी असं मी मांडलं. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ठेवा, पण दोन वह्या करा. एक रझाकारी अत्याचारात गेलेल्यांची, ती १७ सप्टेंबरला वाचू. दुसरी वेगळी ठेवा, कपाटात.

मी नाही म्हटलं. कधी नव्हे ते मंडळासमोर ठाम नाही म्हटलं. नावं तारखेच्या क्रमानं लागतील, ज्याची तारीख कळत नाही ते महिन्याच्या शेवटी. प्रत्येक नावापुढे कसं गेलं, कोणी सांगितलं आणि सांगणाऱ्याचं नातं काय. मारणाऱ्यांची नावं नोंदवायची नाहीत, कारण ती तपासायची साधनं आमच्याकडे नाहीत आणि त्यांच्या नातवंडांनी काही केलेलं नाही. वाचायची तर सगळी एकत्र. दोन वह्या केल्या की गावाला पुन्हा निवड करायची सोय होते, आणि ती सोय आमच्या ग्रंथालयानं करून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. उर्दू शाळेचे मुख्याध्यापक आणि वाहकदादा मंडळावर नाहीत, म्हणून त्यांना बैठकीला निमंत्रित करा अशीही मागणी मी केली. त्यावर मतदान झालं. एका मतानं ठराव मंजूर झाला. ज्येष्ठ सदस्यांनी आपली असहमती इतिवृत्तात नोंदवायला लावली. ती मी त्यांच्याच शब्दांत नोंदवली आहे.

आता काम चालू आहे. आप्पांच्या घरच्या पेटीत निजामकाळातले फसली म्हणजे महसुली सालाचे कागद निघाले. मुख्याध्यापक ते उर्दूतून वाचून दाखवतात, आप्पा महसुली शब्द समजावतात आणि ती नववीतली मुलगी मराठीत उतरवते. फसली साल इसवी सनात बदलून घेणं हे तिनं स्वतःकडे घेतलं आहे. काकांचं ध्वनिमुद्रण मी सकाळी करते, दुपारी त्यांना थकवा येतो. खालांकडे त्यांच्या नातसुनेनं जायचं असं ठरलंय, कारण घरातल्या बाईशी त्या जास्त मोकळं बोलतात.

माहितीपटाचा दुसरा खेळ नदीपलीकडे, माझ्या माहेरच्या वाचनालयात लावायचा आहे. तिथल्या ग्रंथपालांशी बोलणं झालंय. इकडून काका आणि वाहकदादा यायला तयार आहेत, खालांना प्रवास झेपणार नाही म्हणून त्यांचं ध्वनिमुद्रण नेऊ. तिकडच्या म्हाताऱ्यांना उमरखेडच्या कॅम्पाचं आठवतं, रात्री नदी उतरून आलेल्या निर्वासितांना कुणाच्या गोठ्यात ठेवलं तेही आठवतं. काकांच्या भावाला भाकरी देणारं घर कोणतं, हे त्यांना शोधायचं आहे. तारीख पेरण्या उरकल्यावर ठरवू.